पेढ्याला तारीख, गोळीला कात्री

गुलमंडीपासून सिटी चौकापर्यंत कोणत्याही हलवायाच्या काचेच्या कपाटात पेढ्यांच्या राशीवर रोवलेली ती चिमुकली पाटी सुज्ञ वाचकांच्या नजरेतून निसटली नसेल. सुट्या मिठाईवरही ‘अमुक तारखेपूर्वी सेवन करावी’ असे लिहिणे १ ऑक्टोबर २०२० पासून केंद्राच्या फर्मानाने बंधनकारक झाले, आणि त्या दिवसापासून भूम-वाशीकडच्या खव्याला, जो आजवर निनावी जन्मून निनावीच पचत असे, मृत्युतिथी प्राप्त झाली. जन्मतिथी लिहिणे मात्र ऐच्छिक ठेवण्यात आले. जन्म केव्हा झाला हे न सांगता मरण केव्हा येणार हे सांगण्याची विद्या पूर्वी केवळ नाडीपट्टीवाल्यांपाशी होती. आता ती हलवायांना शासनाच्या हुकुमाने आत्मसात करावी लागली आहे.

पाटी प्लास्टिकची असते, मजकूर छापील असतो, आणि तारखेपुरती जागा रिकामी असते. दुकान उघडल्यावर गल्ल्यावरच्या तसबिरीला उदबत्ती ओवाळून झाली की एक पोरगा ती पाटी पेढ्यातून उपसतो, अंगठा जिभेला लावतो, त्या ओल्या अंगठ्याने कालची तारीख पुसतो, स्केचपेनने नवी लिहितो आणि पाटी पुन्हा पेढ्यात खुपसतो. अंगठा फिरला की पेढा दोन दिवसांनी तरुण होतो. जराजर्जर च्यवनऋषींना यौवन मिळवून देण्यासाठी साक्षात अश्विनीकुमारांना पाचारण करावे लागले होते. येथे ते कार्य थुंकीवर भागते. शिवाय कायद्याच्या दृष्टीने पाहता दोष काढायला तसूभरही जागा नाही: पाटी आहे, तारीख आहे, ती वाचता येते आणि ती उलटून गेलेली नाही. थुंकीविषयी फर्मान मूक आहे.

अशा ह्या अंगठ्याच्या छायेत, अन्न आणि औषध यांच्या बाबतीत शासनाने कितपत लक्ष घालावे ह्या विषयावर आमच्या छत्रपती संभाजीनगरातील विद्वज्जन सध्या हिरीरीने वाद घालीत आहेत. एका पक्षाचे म्हणणे असे की सरकारने बाजूला व्हावे. ज्याच्या पेढ्याने गिऱ्हाईक आजारी पडेल त्याचे दुकान आपोआप बंद पडेल. उपपत्ती निर्दोष आहे. तिच्या सिद्धीसाठी प्रारंभी काही गिऱ्हाइके तेवढी खर्ची घालावी लागतात. इंग्लंडातील ब्रॅडफर्ड गावी १८५८ साली हा प्रयोग यथासांग पार पडला. साखर महाग म्हणून मिठाईत जिप्समची भुकटी घालण्याचा तेथे राजमान्य प्रघात होता. ती आणायला औषधविक्रेत्याकडे माणूस गेला, आणि दुकानातील उमेदवाराने चुकून शेजारच्या पिंपातले आर्सेनिक, म्हणजे आपला सोमल, तोलून दिला. भेसळीतच भेसळ झाली! सुमारे वीस माणसे दगावली, दोनशेहून अधिक आजारी पडली, खटला उभा राहिला आणि शिक्षा कोणालाच झाली नाही. दोन वर्षांनी, १८६० मध्ये, कायदा झाला. बाजार स्वतःला सुधारतो खरा, पण सुधारणेचे शुल्क तो गिऱ्हाइकांकडूनच वसूल करतो.

दुसऱ्या पक्षाला प्रत्येक रोगावर आणखी एक कलम हवे असते. कौटिल्याने धान्य, तेल, मीठ आणि औषधे यांत तशाच रंगाचा हीन माल मिसळणाऱ्यास बारा पणांचा दंड सांगून ठेवला; आमच्या २००६ च्या अधिनियमाने कमअस्सल मालाला पाच लाखांपर्यंतची मर्यादा सांगितली. दंडाची वाढ डोळे दिपवणारी आहे. परंतु त्या दंडापर्यंत पोहोचण्याचा मार्ग कसा आहे? दिवाळीच्या तोंडावर निरीक्षक येतात, पंचनामा होतो, नमुन्याचे चार भाग करून मोहोरबंद केले जातात. एक भाग विश्लेषकाकडे जातो, दोन अधिकाऱ्याकडे राहतात, चौथा व्यापाऱ्याने मागणी केल्यास मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे रवाना होतो. विश्लेषकाला अहवालासाठी चौदा दिवसांची मुदत असते, आणि त्या अहवालाविरुद्ध व्यापाऱ्याला तीस दिवसांत अपील करता येते. आता पेढ्याचे स्वतःचे आयुष्य दोन-चार दिवसांचे. म्हणजे त्याच्या चारित्र्याविषयीचा निर्वाळा रुजू होतो तेव्हा त्याचे दिवस-वार आटोपलेले असतात. कायदा करणारे नमुन्याचा पाचवा भाग मोजायला विसरले. तो आम्ही खातो. त्याला मोहोर लागत नाही, पंच लागत नाहीत, आणि त्याचा अहवाल चौदा दिवस न थांबता त्याच रात्री येतो. फक्त तो कोणत्याही दफ्तरात ग्राह्य धरला जात नाही.

पण पेढ्याचे सोडा! पेढा न खाल्ल्याने कोणी मरत नाही. आमचा खरा रोष कात्रीवर आहे. औषधांचा कायदा १९४० चा, म्हणजे मराठवाड्यावर निजामाची हुकूमत होती तेव्हाचा. त्या कायद्याच्या व नियमांच्या धाकाने कंपनीवाला गोळ्यांच्या स्ट्रिपवर बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, मुदत आणि किंमत हे सारे, मुंगीला चष्मा लागेल इतक्या बारीक अक्षरांत का होईना, मुकाट्याने छापतो. १ ऑगस्ट २०२३ पासून तीनशे नामांकित औषधांवर तो काळा चौकटीदार क्यूआर कोडही आला, मोबाइल दाखवला की औषधाची वंशावळ सांगणारा. एवढा बंदोबस्त झाल्यावर दुकानदार ड्रॉवरमधून कात्री काढतो आणि दहातल्या चार गोळ्या कापून कागदी पुडीत घालून देतो. गोळ्या आमच्याकडे, तारीख त्याच्याकडे! बॅच क्रमांक त्याच्याकडे, वंशावळ त्याच्याकडे. उद्या एखादी बॅच अप्रमाणित ठरली आणि तिचा क्रमांक वृत्तपत्रात छापून आला, तर मुकुंदवाडीतल्या म्हातारीने तो कशाशी ताडून पाहावा? पुडीशी? जिला रक्तदाबाच्या गोळ्या चार-चार करूनच घेणे परवडते, नेमकी तिलाच स्ट्रिपचा मुका भाग मिळतो, आणि संपूर्ण स्ट्रिप घेणारा सधन गृहस्थ ती न वाचताच फडताळात टाकतो. नियंत्रण अधिक असावे की कमी, ह्यावर रात्री जागवणाऱ्या आमच्या उभय पक्षांतील एकाही पंडिताला ही आठ आण्यांच्या धातूची कात्री आजवर दिसू नये, ह्याचा आम्हांला मनस्वी संताप येतो. मिठाईच्या परातीवर पहारा बसवणाऱ्यांनो, मरणाऱ्याच्या गोळीवरची तारीख कोणाच्या ड्रॉवरमध्ये आहे ते तरी विचारा!

आम्ही विचारले. औषधवाला मोठा गोड माणूस. त्याने ड्रॉवर उघडून उरलेल्या सहा गोळ्यांचा तुकडा आम्हांला दुरूनच दाखवला.

“तारीख ह्याच्यावर आहे ना काका, टेन्शन नका घेऊ. तुमच्या चार संपल्या की पुढच्या खेपेला हाच तुकडा देतो.”