पहिल्या गाडीची सरळी

तमिळनाडूतल्या तिरुवैयारु गावात कुणी कर्नाटक संगीत शिकायला बसलं, तर गुरू पहिल्या दिवशी त्याला त्याच गावच्या त्यागराजांची पंचरत्न कीर्तनं देत नाही. सरळी वरिसै देतो. मायामाळवगौळ, म्हणजे आपल्या भैरवाचे स्वर, नुसते चढायचे आणि उतरायचे. आधी पहिल्या काळात, मग दुप्पट, मग चौपट. रागही मोठ्या धोरणाने निवडलेला. पूर्वार्धात स्वरांची जी अंतरं तीच उत्तरार्धात, त्यामुळे चूक लपत नाही. ही पद्धत पुरंदरदासांनी घालून दिली असं मानतात. तेव्हापासून आजवर एखाद्या बापाने गुरूला 'आमच्या चिरंजीवांना थेट पंचरत्नंच द्या, पैशाची काळजी नको' असं सांगितल्याचं ऐकिवात नाही. तोच बाप चिरंजीवांच्या हाती लायसन्स पडताच शोरूममध्ये शिरतो आणि फॉर्च्युनरभोवती प्रदक्षिणा घालतो.

माझं म्हणणं इतकंच, की पहिली गाडी ही सरळी वरिसै असावी. लहान, वापरलेली आणि दिसायला इतकी सामान्य, की पार्किंगमध्ये आपली आपल्यालाच सापडू नये. तंजावरहून तिरुवैयारुला येणारा रस्ता यासाठी पुरेसा साक्षीदार आहे. अंतर जेमतेम डझनभर किलोमीटर. पण गावाचं नावच पाच नद्यांवरून पडलेलं, तेव्हा वाटेत पुलांना तोटा नाही. कापणीच्या दिवसांत या कावेरीकाठच्या मुलखात निम्म्या रस्त्यावर भात वाळत पडलेलं असतं, उरलेल्या निम्म्यावर बस. आता हिशेब करा. फॉर्च्युनर 1855 मिलिमीटर रुंद, अल्टो के10 1490. फरक साडेछत्तीस सेंटिमीटरचा, म्हणजे एक शेळी. लांबीतला फरक सव्वा मीटरहून जास्त, आणि तो सगळा नेमका रिव्हर्स घेताना मागे लागतो. तमिळ गावांत देवळाभोवतीच्या रस्त्यांना इंग्रजीत 'कार स्ट्रीट' म्हणतात, पण ती कार म्हणजे देवाचा रथ. परंपरेने त्याला स्टिअरिंग नसतं, ब्रेक नसतो. चाकाखाली लाकडी ठोकळे सारून त्याला वळवतात आणि थांबवतात. ठोकळ्याला म्हणतात मुट्टुक्कट्टै, आणि त्याच शब्दाचा तमिळमध्ये 'अडथळा' असाही अर्थ होतो. नवशिक्याच्या हाती मोठी गाडी म्हणजे असाच रथ, फक्त ठोकळेवाली अनुभवी माणसं वजा. दोर ओढणारे मात्र घरोघरी भरपूर: "घे रे, मोठीच घे!"

वापरलेलीच का, याचं उत्तर विम्याच्या कोष्टकात आहे. तिथे गाडी सहा महिन्यांत पाच टक्के घसरते, दुसऱ्या वर्षी वीस, आणि पाच वर्षांची होता होता निम्म्यावर येते. हा उतार दुसऱ्या कुणीतरी सोसलेला बरा. शिवाय पहिला ओरखडा येणारच. प्रश्न फक्त गेटचा की खांबाचा. नव्या गाडीवर तो आला की घरात सुतक, आणि क्लेम केला तर वर्षअखेरीची वीस टक्के सवलत हातची जाते. जुन्या गाडीवर आला तर तो आधीच्या ओरखड्यांच्या गर्दीत मिसळून जातो. एक अख्खी पिढी 1983 साली आलेल्या, 796 सीसीच्या मारुती 800 वर शिकली, ती काही रसिकता म्हणून नव्हे. पण क्लच सोडताना गाडी तीनदा बंद पडली तरी कुणी मान वळवून बघत नसे, ही सोय त्या गाडीत नक्की होती.

सुरक्षिततेचा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. टक्कर झाली तर जड गाडीत बसलेला अधिक सुखरूप, हे पदार्थविज्ञान आहे. पण त्या टकरीत दुसरी बाजूही असते, आणि गल्लीबोळात ती बहुधा पायी चालते. तरीही आपल्या मुलाची काळजी रास्तच. म्हणून 'वापरलेली' म्हणजे आजोबांच्या काळची नव्हे. एप्रिल 2019 पासून सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचा झाला, त्याच जुलैपासून चालकापुढे एअरबॅग आली, आणि 2021 च्या अखेरीपासून शेजारच्यापुढेही. तेव्हा 2022 किंवा त्यानंतरची लहान गाडी शोधली की काटकसर आणि जीव दोन्ही वाचतात. आणि क्लचच नको म्हणणाऱ्या ऑटोमॅटिकवाल्यांशी मी भांडत नाही. तंबोऱ्याऐवजी श्रुतीपेटी लावूनही लोक गातातच.

राहिली प्रतिष्ठा. चार लोकांत काय दिसेल? ज्या गावापासून हा लेख सुरू झाला, तिथल्या त्यागराजांनी तंजावरच्या मराठी दरबाराचं बोलावणं नाकारलं अशी कथा सांगतात. ते गल्लीतून पायी गात भिक्षा मागत. आज पुष्य बहुल पंचमीला त्यांच्या समाधीशी जी गर्दी लोटते, तिच्यात मोठ्या गाड्यांना लांबच उभं राहावं लागतं.

तेव्हा गाडी बघायला जाल तेव्हा दिवसाउजेडी जा, आरसी बुकावरचं साल वाचा, थंड इंजिन स्वतः सुरू करून पाहा. आणि बरोबर मेकॅनिक न्या. मेहुणा नको.