गाडी नाही, मग येते कशाला?

माधवराव शिंद्यांनी 1905 साली ग्वाल्हेरचा मेळा सुरू केला, तेव्हा तिथे गुरांचा बाजार भरे. आता मोटारींचा भरतो, आणि सरकारही अलीकडच्या मेळ्यांत गाडी घेणाऱ्याला वाहनकरात 50 टक्के सूट देऊन त्याची पाठ थोपटत आले आहे. बैल घेणाऱ्याला ‘जुंपता येतो का?’ असे कोणी विचारत नसे, कारण ज्याला येत नाही तो बैल घेतच नसे. मोटार घेणाऱ्यालाही कोणी विचारत नाही. कायद्याला लायसन हवे ते गाडी चालवायला; विकत घ्यायला आणि नावावर करायला पैसे पुरतात. म्हणजे गाडी असणे आणि गाडी येणे यांची फारकत सरकारनेच मान्य केलेली आहे. तरीही ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घराघरांत ‘गाडी येते का?’ या प्रश्नाला तोंड द्यावे लागते ते बिनगाडीवाल्यालाच.

तसा तो बहुमतात आहे. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात मोटार आहे ती शंभरातल्या जेमतेम साडेसात घरांत. उरलेल्यांनी शिकून ठेवावे, कारण ‘अडीअडचणीला उपयोगी पडते’, असे सांगतात. अडचण रात्री दोनला येते, असे धरू. गाडी शेजाऱ्याची, किल्ली शेजाऱ्याच्या उशाखाली आणि शेजारी लग्नाला इंदूरला. समजा किल्ली मिळालीच, तरी ज्याने पंधरा वर्षांपूर्वी महिनाभर क्लास लावला आणि त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही, त्याच्या हाती रोगी देणे म्हणजे रोग्यांची संख्या वाढवणे. शिवाय तो शिकला त्या क्लासच्या गाडीत दुसरा क्लच-ब्रेक मास्तरांच्या पायाशी होता. गाडी वेळेवर थांबली ती कोणाच्या पायाने, हे शिकणाऱ्याला अजून ठाऊक नाही. अशा वेळी 108 फिरवता येणे ही जास्त कामाची विद्या.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: गाडी आली की माणूस, विशेषतः बाई, कोणावर अवलंबून राहत नाही. खरे आहे, पण ते स्वातंत्र्य दोन चाकांवर आधीच आलेले आहे. त्याच पाहणीत निम्म्या घरांत दुचाकी आहे, आणि महाराज बाड्याभोवतीच्या गल्ल्यांत स्कूटी जिथे पोचते तिथे मोटार फक्त अडकते. राहिला पोटापाण्याचा मुद्दा. तो मात्र बिनशर्त मान्य. शहरात ज्यांना गाडी उत्तम येते, त्यांतल्या कितीतरी जणांच्या दारात गाडी नसते. ते मालकाची चालवतात. त्यांनी शिकलेच पाहिजे, नाहीतर मालकाने जायचे कसे?

शेवटचा युक्तिवाद असा, की ज्याला गाडी येते तो रस्त्यावर चालतोही शहाण्यासारखा. वेगातली गाडी जागच्या जागी थांबत नाही हे त्याला कळते. पण हे बिनगाडीवाल्याला कोणी शिकवावे लागत नाही. पदपथावर गाड्या उभ्या असल्याने तो रोज रस्त्यातूनच चालतो. ई-रिक्षा कुठे वळेल, टेंपो सवारीसाठी कुठे एकदम थांबेल, हे त्याला इंडिकेटरशिवाय उमगते. हे ज्ञान कमी आहे ते काचा वर करून बसलेल्याला. तेव्हा परीक्षा उलटी घ्यावी. पक्क्या लायसनसाठी गाडी पुढेमागे घेऊन दाखवण्याआधी उमेदवाराच्या एका हातात भाजीची पिशवी द्यावी, दुसऱ्या हाताला एक आजोबा द्यावेत आणि संध्याकाळी सातला दौलतगंजातून बाड्यापर्यंत पायी जाऊन यायला सांगावे. आजोबा आणि टोमॅटो धड परत आले तर पास. नापास झालेल्यानेही गाडी जरूर ठेवावी, धुवावी, पुसावी, तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढावा. चालवायला मात्र असा माणूस ठेवावा, ज्याला गाडी येते आणि ज्याच्याकडे गाडी नाही.