नाममात्र आरोग्य

नाव आणि वस्तू यांचा मेळ बसलाच पाहिजे, असा दुराग्रह आम्ही नगरकरांनी कधीच धरला नाही. शहराबाहेरच्या डोंगरमाथ्यावर जी तीनमजली अष्टकोनी इमारत उभी आहे, ती निजामशाहीचा वजीर सलाबतखान याची कबर असल्याचे शाळेतील मास्तरांनी कितीही बजावले, तरी तिला चांदबिबीचा महाल म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या सहली नेणारे आम्ही लोक. त्यामुळे १४९० साली वसलेल्या या शहराच्या नावातून अहमद निजामशहा उठून गेले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या मंजुरीनिशी तेथे पुण्यश्लोक अहिल्यादेवींची स्थापना झाली, तेव्हाही आम्ही एस.टी.च्या कंडक्टरापुढे पैसे धरून ‘एक नगर द्या’ एवढेच म्हटले आणि इतिहासातील उभय पक्षांचा मान राखला.

ही वेदान्ती वृत्ती अंगी बाणली असल्यानेच सरकारी आरोग्ययोजनांचा इतिहास आमच्या पचनी पडतो. १९९७ साली युतीच्या अमदानीत ‘जीवनदायी’ नावाची योजना जन्मास आली. काँग्रेस आघाडीच्या कारकिर्दीत, २०१२ साली, नव्या स्वरूपात अवतरताना तिने राजीव गांधींचे नाव धारण केले. मात्र पहिल्या आठ जिल्ह्यांच्या यादीत नगर नसल्याने आम्हांस आजारी पडण्यासाठी नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावे लागले. २०१७ साली राजवट बदललेली असल्यामुळे तीच योजना महात्मा जोतीराव फुल्यांच्या नावे रुजू झाली. २०१८ साली दिल्लीहून आयुष्मान भारत आली, आणि १ एप्रिल २०२० पासून दोहोंचा विवाह लावण्यात येऊन असा एक दीर्घ सामासिक शब्द सिद्ध झाला, की रुग्णाने तो एका दमात उच्चारल्यास त्याची फुप्फुसे निरोगी असल्याचे प्रमाणपत्र डॉक्टरांनी खुशाल द्यावे. २०१२ पासूनच्या या साऱ्या स्थित्यंतरांत राज्याच्या योजनेची दीड लाख रुपयांची जी सर्वसाधारण मर्यादा होती, ती मात्र खडकासारखी अचल राहिली. ती पाच लाखांवर नेण्याचा हुकूम २०२३ साली सुटला आणि त्याचा अंमल, योगायोगाने म्हणा, निवडणुकीच्या वर्षी झाला.

आमच्या घरातील आबांनी या सर्व कालखंडांचे कागद, शिधापत्रिका, ओळखपत्रे आणि कार्डे एका जुन्या बटव्यात दफ्तरदाराच्या निष्ठेने जपून ठेवली आहेत. मागे गुडघ्यापासून छातीपर्यंत सर्वच अवयवांनी एकदम तक्रार-अर्ज दाखल केल्याने त्यांना आम्ही एका इस्पितळात नेले. खिडकीपाशी बसलेल्या आरोग्यमित्राने बटव्यातील ऐवज आदरपूर्वक तपासला, संगणकात काही टंकले आणि आनंदाने सांगितले, “आबा, तुमचा आजार योजनेत बसतो.” आबांनी विचारले, “आणि मी कुठं बसू?” कारण खाट रिकामी नव्हती, बाक भरलेले होते, आणि ज्या डॉक्टरांनी तपासावयाचे त्यांची जागा मंजूर असली तरी भरलेली नव्हती. आजाराची सोय झाली होती. आजाऱ्याची व्हावयाची होती.

आता इतका जिव्हाळ्याचा विषय निवडणुकीत चर्चिला जाणार नाही तर कोठे? आणि मे २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत तर आमच्या मतदारसंघास असा योग लाभला होता, की जो इतरांस सात जन्म तप करूनही लाभू नये. एका बाजूस भारतीय जनता पक्षाचे डॉ. सुजय विखे पाटील, व्यवसायाने मेंदूचे शल्यविशारद आणि वैद्यकीय संस्था चालविणाऱ्या घराण्यातले. दुसऱ्या बाजूस शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे निलेश लंके, ज्यांनी करोनाच्या साथीत पारनेर तालुक्यातील भाळवणीस अकराशे खाटांचे केंद्र उभारून राज्यभर नाव मिळविले, आणि त्या केंद्रासही, रूढ शिरस्त्याप्रमाणे, आपल्या नेत्याचे नाव दिले. एक कवटी उघडणारा आणि दुसरा खाटा मांडणारा, असे दोन अधिकारी पुरुष समोरासमोर आल्यावर तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांचा, रिक्त पदांचा, औषधांच्या पुरवठ्याचा साधकबाधक ऊहापोह होईल, या आशेने आम्ही सभांना वही-पेन्सिल घेऊन गेलो. परंतु वाद पेटला तो इंग्रजीवर! लंके यांनी माझ्यासारखे इंग्रजी बोलून दाखवावे, असे आव्हान डॉक्टरसाहेबांनी दिले. जनतेने २८,९२९ मतांच्या फरकाने लंके यांना दिल्लीस धाडले. त्यांनी जून महिन्यात लोकसभेत शपथ इंग्रजीतून घेतली. आणि जिल्ह्याचे हे एकमेव सार्वजनिक दुखणे येणेप्रमाणे निकाली निघाले.

या बाबतीत आपणच मागासलेले आहोत, अशी खंत कोणी करू नये. अमेरिकेसारख्या प्रगत राष्ट्रात ओबामांनी २०१० साली जो आरोग्यविम्याचा कायदा केला, त्यास विरोधकांनी हिणवण्यासाठी ‘ओबामाकेअर’ म्हटले; परिणामी मूळ नावाने विचारले असता कायदा चांगला आणि टोपणनावाने विचारले असता घातक, असे मत देणारे महाभाग तेथेही निपजले. २०१२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत ओबामांविरुद्ध उभे राहिलेले रॉम्नी हे मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर असताना त्यांनीच २००६ साली तशाच धर्तीचा कायदा केला होता; पण आपल्या पोराला दुसऱ्याचे आडनाव लागलेले पाहून त्यांस ओळख देण्याचे धैर्य झाले नाही. पुढे सप्टेंबर २०२४ च्या वादसभेत या कायद्याऐवजी आपली योजना कोणती, असे विचारले असता ट्रम्प यांनी योजनेच्या काही संकल्पना आपणांपाशी असल्याचे सांगितले. आमचे पुढारी याहून पुढे आहेत. त्यांच्यापाशी योजना असो वा नसो, तिचे नाव तयार असते.

६ नोव्हेंबर २०२४ हा दिवस या दृष्टीने पंचांगात तांबड्या शाईने छापण्याजोगा आहे. त्या दिवशी इकडे ट्रम्प यांच्या विजयाची वार्ता आली, आणि सायंकाळी मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात महाविकास आघाडीने विधानसभा निवडणुकीसाठी पाच हमी जाहीर केल्या, त्यांत २५ लाखांपर्यंतचा आरोग्यविमा आणि मोफत औषधे. महायुतीपाशी पाच लाखांचे कार्ड होतेच. शिवाय आठच दिवसांपूर्वी, २९ ऑक्टोबरला, धन्वंतरीची जयंती आणि धनाची त्रयोदशी असा दुहेरी मुहूर्त साधून पंतप्रधानांनी सत्तर वर्षांवरील सर्वांस आयुष्मानच्या छत्राखाली घेतले होते. पाच एकवार, पंचवीस एकवार, अशी बोली ऐकताना आम्हांस कांद्याच्या लिलावात उभे असल्याचा भास झाला. फरक इतकाच, की कांदा निदान डोळ्यांसमोर असतो.

त्याच तारखेस आणखी एक दिनविशेष होता, तो कोणत्याच व्यासपीठावरून आमच्या कानी आला नाही. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयातील करोना अतिदक्षता कक्षास आग लागली आणि अकरा रुग्ण दगावले. त्यांना खाट मिळाली होती. रुग्णालय सरकारी होते. विम्याच्या रकमेअभावी त्यांच्यापैकी कोणी मेले नाही. पाच लाखांचे कार्ड उशाशी असते तरी धूर थांबला नसता, पंचवीस लाखांचे असते तरी दार रुंद झाले नसते.

आणि आमच्याच जिल्ह्यातील ज्या जामखेड तालुक्यात अहिल्यादेवींचे जन्मगाव चौंडी आहे, त्याच जामखेडास १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य येऊन राहिले. लोकांस औषधाआधी पाणी आणि अन्न हवे आहे, हे त्यांनी ऐकून घेतले. गावोगावच्या, बहुतांशी निरक्षर आणि अनेकदा दलित असलेल्या स्त्रियांस शिकवून त्यांच्या हाती गर्भवतींची तपासणी, बाळांची वजने आणि हगवणीवरचे मीठ-साखरेचे पाणी सोपविले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली या प्रयोगास आपल्या ग्रंथात स्थान दिले, १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि देशोदेशींचे लोक जामखेडास शिकावयास येऊ लागले. ती गावची बाई दारात आली की कार्ड मागत नसे. पाणी कोणत्या विहिरीचे पिता, असे विचारी. विहिरी आणि बारवा बांधण्यासाठीही ज्यांची ख्याती, त्या अहिल्यादेवींस हा प्रश्न आवडला असता. परंतु २०२४ च्या विधानसभेत कर्जत-जामखेडचा निकाल अवघ्या १,२४३ मतांनी लागला, इतकी अटीतटीची झुंज झाली, तरी एवढ्या घनघोर रणातही तो प्रश्न उभय पक्षांच्या हाती शस्त्र म्हणून लागला नाही. कारण प्रश्नाला पुढाऱ्याचे नाव देण्याची सोय अद्याप निघालेली नाही.

सबब आम्ही एक नम्र दरखास्त तयार केली. योजनांस, दवाखान्यांस आणि आरोग्यमंदिरांस थोरांची नावे देण्याचा प्रघात तूर्त तहकूब करून यापुढे ती रिक्त पदांस द्यावीत. ग्रामीण रुग्णालयातील भूलतज्ज्ञाची जागा अमुक दादांच्या नावे, बंद पडलेले क्ष-किरण यंत्र तमुक ताईंच्या नावे, आणि कोरडी अग्निशमन नळी एखाद्या लोकनेत्याच्या नावे करून दारावर ठळक फलक लावावा, ‘अमुक दादा : तीन वर्षांपासून रिक्त’. आपल्या नावापुढे हा शब्द पाहून कोणत्या मानी पुढाऱ्यास झोप लागेल? पंधरवड्यात सारी पदे भरतील, अशी आमची खात्री होती.

मसुदा आबांस वाचून दाखविला. त्यांनी बटव्याची दोरी आवळीत तो शांतपणे ऐकला आणि म्हणाले, “जागा कशाला भरतील? विरोधकाचं नाव देतील तिला.”