तीन शिट्ट्यांचं विश्व

ज्या सोसायटीत पाण्याची टाकी, गणपतीची वर्गणी आणि पार्किंगवरून भांडण आहे, अशा पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीत एक ब्रह्मांडकाका असतातच. निवृत्त. बहुधा बँकेतून, नाहीतर खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून. भौतिकशास्त्र अकरावीनंतर सुटलेलं. पण त्यांनी ते सोडलं की त्यानं ह्यांना सोडलं, याचा निकाल काकांनी अजून राखून ठेवलाय. जन्मभर दुसऱ्यांच्या व्हाउचरांमधल्या चुका काढल्यावर हाताला सवय लागते, आणि चुका काढायला एवढं मोठं खातं विश्वाखेरीज कुठलं मिळणार?

वेताळ टेकडीवर सकाळी गाठ पडली तर बाकीचे काका गुडघ्यांची चौकशी करतात. ब्रह्मांडकाका एकदम म्हणतात, "आइन्स्टाईनचं एक चुकलं बघ." आपण "काय?" म्हटलं की संपलं. टेकडी उतरेपर्यंत सुटका नाही.

आमच्या कोथरूडच्या काकांचा सिद्धान्त स्वयंपाकघरात जन्माला आला. निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी काकूंनी त्यांना कुकरच्या शिट्ट्या मोजायला बसवलं. रिकामा बसलेला पुणेकर आणि समोर दाबाखालची वाफ. यातून काहीतरी निघणारच होतं.

"विश्व म्हणजे कुकर," काका सांगतात. "सगळं आत कोंबलेलं, तापमान तर विचारूच नकोस. पहिली शिट्टी म्हणजे महास्फोट. दुसऱ्या शिट्टीला हायड्रोजन आणि हेलियम."

"आणि तिसरीला?"

"तूरडाळ. मध्ये बोलू नकोस."

मग ते प्रात्यक्षिक दाखवतात. झाकण काढून आत डोकावतात, चष्म्यावर वाफ बसते, आणि धोतराच्या जमान्यात पंच्यानं पुसायचे तसे ते नेपाळी टोपीनं काचा पुसत उभे राहतात. "आता मला काही दिसतंय का? नाही. का? कारण प्रकाश आत अडकलाय!" इथं मात्र काकांना दाद द्यावी लागते. विश्वाच्या पहिल्या सुमारे ३,८०,००० वर्षांत खरोखरच असंच होतं. मोकळ्या इलेक्ट्रॉनांच्या गर्दीत प्रकाशाला सरळ वाटच मिळत नव्हती. तापमान तीनेक हजार अंशांपर्यंत उतरलं, अणू जुळले, तेव्हा कुठं धुकं निवळलं. तो प्रकाश आजही सगळ्या दिशांनी येतो, फक्त गारठून उणे २७० अंशांवर आलेला. पाठ्यपुस्तकात दोन पानं वाचून जे डोक्यात शिरत नाही, ते काकांच्या चष्म्यानं अर्ध्या मिनिटात शिरतं.

तेवढ्यावर थांबतील तर ते ब्रह्मांडकाका कसले! हे प्रारण पेन्झियास आणि विल्सन या दोघांना १९६४ मध्ये अँटेनातल्या खरखरीच्या रूपात सापडलं, आणि आधी त्यांना संशय आला तो अँटेनात राहणाऱ्या कबुतरांच्या विष्ठेचा, एवढं मी एकदा बोलून गेलो. काका उसळले. "म्हणजे त्यांनी कबुतरांची घाण धुतली?" हो. "आणि नोबेल मिळालं?" हो, १९७८ साली. "मी रोज गॅलरी धुतो!" त्या दिवसापासून काकांच्या मते नोबेल समितीला डेक्कनच्या अलीकडचं काही दिसत नाही.

काकांची खरी पंचाईत निराळीच आहे. बुद्धी महास्फोटाकडे, पण मन स्थिर विश्वाकडे. हॉईल, बाँडी आणि गोल्ड यांनी १९४८ मध्ये मांडलेलं ते विश्व, ज्याला सुरुवात नाही, शेवट नाही, नुसतं प्रसरण आणि त्यात सावकाश भर पडणारं नवं द्रव्य. पुढं १९९३ मध्ये हॉईल आणि बर्बिज यांच्याबरोबर आपल्या जयंत नारळीकरांनी त्याची सुधारित आवृत्ती काढली. "आमच्या वेळी होतं तसंच आहे आणि तसंच राहणार" हे ज्यात बसतं, त्या विश्वावर पुणेकरानं प्रेम करायचं नाही तर कुणी? नव्या द्रव्याचा पुरावा काकांच्या माळ्यावर आहे. श्रीखंडाचे रिकामे डबे. कुणी मुद्दाम आणत नाही, कुणी ठेवत नाही, तरी दर दिवाळीत ते वाढलेले असतात.

याच्या जोडीला त्यांचा अक्षय्यतेचा नियम: स्टीलचं भांडं निर्माण होत नाही, नष्टही होत नाही, ते फक्त शेजारी जातं. पुराव्यादाखल ते एक पातेलं दाखवतात. कडेखाली दुकानदाराच्या यंत्रानं टिंबाटिंबांनी कोरलेलं, 'ती. आईच्या स्मरणार्थ, १९७४'. कुणाच्या आईच्या, ते घरात कुणालाच माहीत नाही. आणि आमच्या घरात काकूंच्या घरच्या मुंजीच्या भेटीतला एक डबा आहे, ज्यात गेली कित्येक वर्षं आमचे पोहे असतात.

"डबे आपोआप होतात आणि भांडी होत नाहीत, हे कसं काय?" काकूंनी एकदा आतून विचारलं. त्या जीवशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका आहेत.

"प्लास्टिकचं आणि स्टीलचं भौतिकशास्त्र वेगळं असतं," काका म्हणाले, आणि आवाज खाली आणून मला, "हिला गणित झेपत नाही."

हे सगळं दोनशे पानांत टाइप होऊन, स्पायरल बाइंडिंग होऊन तयार आहे. नारळीकरांची एक रीत प्रसिद्ध होती. सही मागणाऱ्या मुलाला ते सही देत नसत. पोस्टकार्डावर एखादा प्रश्न पाठव, सहीसकट उत्तर देईन, म्हणत. काकांनी पोस्टकार्ड आणलंही होतं. पण त्यांच्याकडे प्रश्न नव्हताच, उत्तरच होतं, आणि ते मावेना.

विज्ञान आणि काका यांतला फरक मला पार्क्सच्या गोष्टीनं कळला. ऑस्ट्रेलियातल्या त्या रेडिओ दुर्बिणीला कित्येक वर्षं विचित्र संदेश मिळत होते, दूरच्या आकाशातून यावेत तसे. २०१५ मध्ये उलगडा झाला: कुणीतरी घाईत मायक्रोवेव्ह ओव्हन चालू असतानाच दार उघडत होतं. संशोधकांनी ओव्हनची दारं पुन्हा पुन्हा उघडून ते तपासलं, आणि स्वतःच्या शोधावर काट मारली. मी मोठ्या आशेनं हे काकांना ऐकवलं. ते आनंदानं उठूनच उभे राहिले. "म्हणजे त्यांनाही कळलं! सगळं ओट्यावरूनच येतं!"

गेल्या २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, आम्ही विद्यापीठाच्या आवारातल्या 'आयुका' या खगोलशास्त्राच्या संस्थेत गेलो. शाळकरी पोरांची ही गर्दी. फुकोच्या लंबकापाशी काकांना सहावी-सातवीतली एक मुलगी सापडली. दोन वेण्या, गळ्यात पाण्याची बाटली. तिनं कुकरचा सिद्धान्त पहिल्यापासून नीट ऐकला. सहसा इथवर श्रोता पळालेला असतो.

"पण आजोबा, कुकर कशावर ठेवलाय?"

काका गडबडले. हा प्रश्न दोनशे पानांत नव्हता. "गॅसवर," ते म्हणाले.

"आणि गॅस कशावर चालतो?"

"सिलिंडरवर."

"आणि सिलिंडर संपला की?"

मागे रांग खोळंबली होती. स्वयंसेवक "पुढे चला, पुढे चला" करत होता. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"आमचं डबल कनेक्शन आहे," ते म्हणाले.