भोपळा कुठाय?

झोपाळ्याची फळी घेऊन एसटीत चढलो तर लोक शिव्या घालतील, अशी माझी तयारी होती. पण गाडी भरलेली, फळी मधल्या वाटेत आडवी टाकलेली. मलकापूरपर्यंत तिच्यावर तीन माणसं आरामात बसून आली.

मूळ खोड ब्रायन मे यांची. 'क्वीन' बँडच्या या गिटारवाल्याने १९६३ साली, शाळकरी वयात, वडिलांच्या मदतीने घरातच इलेक्ट्रिक गिटार करायला घेतली. दांडीला जुन्या शेकोटीच्या चौकटीची महॉगनी, किड्यांच्या भोकांत आगकाड्या, स्प्रिंगा मोटरसायकलच्या, पट्टीवरचे ठिपके आईच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे. रत्नागिरीला आमच्याकडे शेकोटी कुठली? झोपाळा होता. सागवानी, पाच फुटी, पावणेदोन इंच जाड.

"मेल्या, आजोबा ह्यावर बसून सुपारी कातरायचे, आणि तू तारा लावणार?" आत्या म्हणाली. त्या 'क्वीन'चा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीला शिकला, म्हणजे घरातलंच कार्य, असं मी पटवून पाहिलं. शेवटी पितळी कड्या काढून घेऊन तिने फळी सोडली.

कंडक्टरने विचारलं, "काय आहे?"

"गिटार."

त्याने वाकून खालून पाहिलं. "भोक कुठाय?"

मी समजावलं: हिला पोकळी लागत नाही. तारांखाली चुंबक, भोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की वेढ्यांत वीज उठते, ती अँप्लिफायरकडे जाते.

"म्हणजे फळीच ना," म्हणून त्याने लगेजचं तिकीट काढलं.

आंबा घाटात प्रत्येक चढाला फळी तिघांसकट मागे सरकायची. आजोबांच्या पश्चात पहिल्यांदाच झुलली बिचारी.

मिरजेत फळी कापून घ्यायला सतारमेकर गल्लीत गेलो. तिथल्या चाचांनी फळीवर बोटाने टकटक केलं, कान लावला. "लाकूड एक नंबर. भोपळा कुठाय?"

पुन्हा चुंबक, पुन्हा वेढे. मग मी दांडीवरच्या पडद्यांचा हिशेब मांडला: तारेची लांबी ६४८ मिलिमीटर, तिला १७.८१७ने भागायचं, पहिला पडदा ३६.४वर, उरलेल्या लांबीला पुन्हा तेवढ्यानेच भागायचं. असे बावीस. चाचांनी शांतपणे शेजारची सतार उचलली, दोऱ्याने बांधलेला पडदा अंगठ्याने सूतभर सरकवला, तार छेडली. "आमचा चुकला तर सरकतो, साहेब. तुमचा ठोकला की ठोकला."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिवाय करवतीला लगेच आजोबांच्या काळातला खिळा लागला.

दोन दिवसांनी निघालो तेव्हा बगलेत गिटारच्या आकाराचं धूड होतं, आणि मांडीवर मंगळवेढ्याकडचा वाळका भोपळा. काठाला तडा गेलेला, चाचांनी फुकट दिलेला. "राहू द्या. मनात आलं तर मागून बांधा."

शेजारच्या आजींनी धुडाकडे पाहिलंही नाही. भोपळ्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "वाजवता वाटतं?"