शुक्रवारी बंद राहील

दुबईच्या करामात एका मराठी फराळवाल्या काकांनी वेबसाइट काढली. म्हणजे पुतण्याने काढली. काकांनी नारळ आणला होता, पण लॅपटॉपवर फोडणार कसा? अमिरातीने जानेवारी २०२२ पासून आठवड्याची सरकारी सुट्टी शनिवार-रविवारी नेली. काकांचं दुकानही शुक्रवारी उघडं असतं. साइटवर मात्र अजून 'शुक्रवारी बंद'. दिवाळीची सवलत रमजान आला तरी झळकतेय. पत्ता काय? 'मशिदीमागे, सलूनच्या वर'. दुबईत इमारतीच्या दाराला १० आकडी मकानी क्रमांक असतो, पण तो टाकला तर गिऱ्हाईक थेट दारात येईल ना! फोटोतली चकली इंटरनेटवरून उचललेली. कढईतली आपली चकली म्हणे 'प्रोफेशनल' दिसत नाही.

आता काका जाहिरातींवर दिरहम ओततात आणि विचारतात, "ऑर्डरी का येत नाहीत रे?"

येतात ना, काका. साइटवरच्या नंबरावर येतात. तो नंबर पुतण्याचा, आणि पुतण्या गेल्याच वर्षी कॅनडाला गेला.

दुकानाची पाटी आपण रोज सकाळी फडक्याने पुसतो. साइटची पाटीही पुसावी लागते, एवढं सांगायला सल्लागार कशाला हवा?