धायरीतल्या नवशिक्यांसाठी हब-परीक्षा

धायरी फाट्याच्या सिग्नलला टर्रर्र करत एक माउंटन बाइक शेजारी येऊन थांबते. तिचा मालक तुमच्या मागच्या चाकाकडे बघतो आणि नुसतं "हं" म्हणतो. हे गिळू नका. हब, म्हणजे मागच्या चाकाचा तो टर्रर्र करणारा मधला भाग, पारखायला शिका.

१. आधी अंश पाठ करा. थांबवलेला पाय पुन्हा मारला की हबमधले दात अडकेपर्यंत पॅडल रिकामं फिरतं. दात अडकण्याला एंगेजमेंट म्हणायचं. डीटी स्विस कंपनीच्या ३६ दाती हबला त्यासाठी १० अंश फिरावं लागतं, क्रिस किंगच्या माउंटन हबला ५, आणि इंडस्ट्री नाइनच्या हायड्राला जेमतेम अर्धा, कारण तो फेऱ्यात ६९० ठिकाणी अडकतो. ऑनिक्सला दातच नाहीत, म्हणून आवाजही नाही. एवढे पैसे मोजून सिग्नलवर कुणी वळून बघणार नसेल, तर तो घेऊ नका.

२. गणित मांडा. पुढचं चक्र ३२ दाती, मागचं ५१, पॅडलचा दांडा, म्हणजे क्रँक, १७० मिलिमीटर. १० अंशी हबवर पॅडल जास्तीत जास्त पावणेपाच सेंटिमीटर रिकामं जातं, हायड्रावर अडीच मिलिमीटर. आजवर दर खेपेला तुमचे साडेचार सेंटिमीटरपर्यंत वाया गेले. वाईट वाटलं ऐकून. घरी मात्र सांगू नका, किंमत विचारतील.

३. आता ड्रॅग, म्हणजे हबची घासाघीस. मागचं चाक उचलून हाताने पुढे फिरवा. पॅडलही त्याच्यामागे ओढलं गेलं, तर भुवया उंचावा. एक अडचण तेवढी कानात सांगतो. पॅडल मारताना हबचे दात चाकाबरोबरच फिरतात, घासत नाहीत. घासतात ते पाय थांबल्यावर. म्हणजे गोळेवाडीच्या पुढे सिंहगडाच्या घाटात, जिथे तुमची जीभ बाहेर येते, तिथे या ड्रॅगचा काडीचा संबंध नाही. उतरताना तो असतो, पण तेव्हा तुम्ही दोन्ही ब्रेक आवळून बसलेले असता. हे कळूनही चेहरा गंभीर ठेवता आला, की निम्मी विद्या आली.

४. रस्त्यावर चाचणी घ्या. फाट्यावरून धारेश्वराच्या दिशेने निघा. प्रत्येक गतिरोधकाला पाय थांबवा, ओलांडताच मारा, पकड जोखा. मध्येच रिक्षा घुसून पाय टेकावा लागला तर चाचणी बाद, परत फाट्यावर. माझी पहिली चाचणी तीन रविवारी मिळून झाली.

५. मागेही सस्पेन्शन असेल, तर झटकन पकडणारा हब खड्ड्यात पायाला हिसके देऊ शकतो. असं झालं की पक्ष बदला. "मी मुद्दाम दहा अंशी घेतलाय," म्हणा.

६. एवढं करूनही चाक जड वाटलं, तर कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या काकांकडे न्या. ते चाक एकदा फिरवून "ब्रेक घासतोय" म्हणतील, सरळ करून देतील आणि वीस रुपये घेतील. हबचं नाव काढू नका, पन्नास सांगतील.